पुढचा कोच कोण? भारतीय फुटबॉलमधल्या एका जुन्या वादाविषयी

विषय जरा खेळाचा आहे, पण मी काही खेळाडू नाही आणि इथे डावपेचांचा वर्गही घ्यायचा नाहीये. एखादं नाटक पाहून आल्यावर आपण जसं बोलतो, त्यातली माणसं काय बोलली, का बोलली, काय बोलायचं टाळलं, तसं मला आज एका वादाबद्दल बोलायचंय.

18 नोव्हेंबर 2025 ला ढाक्यात बांगलादेशनं आपल्याला 1-0 असं हरवलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्याआधी ऑक्टोबरमध्ये मडगावला, म्हणजे आपल्याच घरात, सिंगापूरकडून 2-1 नं हरून 2027च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं होतंच. ढाक्याचा सामना संपला आणि सामना पाहणाऱ्या माझ्या मित्रांमध्ये एकच प्रश्न सुरू झाला: आता पुढचा कोच कोण? खालिद जमीलची नेमणूक झाली 1 ऑगस्टला. म्हणजे चार महिनेसुद्धा झाले नव्हते.

हा वाद मी बरीच वर्षं ऐकतो आहे, स्वतः त्यात तावातावानं भाग घेतला आहे. आणि आता मला असं वाटायला लागलंय की हा वाद जिव्हाळ्याचा आहे, पण तो ज्या पद्धतीनं घातला जातो त्यात काहीतरी मुळातच चुकतंय.

आपल्याकडे स्थळं बघतात ना, तसा हा वाद चालतो. बायोडेटा येतो. मुलगा काय शिकला, परदेशात होता का, पगार किती, आधीच्या नोकरीत काय केलं. घरातले सगळे तो कागद हातोहात फिरवतात. पण ज्या घरात तो येणार आहे त्या घरात पाणी किती वाजता येतं, सासऱ्याचा स्वभाव कसा आहे, हे त्या कागदावर नसतं आणि त्यावर कोणी बोलतही नाही.

2025 च्या उन्हाळ्यातलीच गोष्ट घ्या. 10 जूनला हाँगकाँगला आपण 1-0 हरलो. जुलैच्या सुरुवातीला मानोलो मार्केझ आणि महासंघ सहमतीनं वेगळे झाले. जाहिरात निघाली. 170 अर्ज आले. शेवटी तीन नावं उरली: खालिद जमील, स्टीफन कॉन्स्टन्टाइन आणि स्लोव्हाकियाचे स्टेफान तारकोविच. आणि मध्येच बातमी आली की अर्जांमध्ये झावीचं नाव आहे! बार्सिलोनाचा झावी. विश्वविजेता झावी. तो परवडणार नाही म्हणून विचार पुढे गेला नाही, असंही त्याच बातमीत होतं.

(हशा)

हसू नका, दीड-दोन दिवस लोक खरोखर यावर वाद घालत होते. पैसा कुठून आणायचा, एखादा उद्योगपती देईल का, आपली पोरं त्या पद्धतीचे छोटे पास खेळू शकतील का. मग महासंघानंच जाहीर केलं की झावी आणि पेप ग्वार्दिओला यांच्या नावानं आलेले ईमेल खरे नव्हते. पुढे एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं सांगितलं की तो उद्योग आपण केला होता.

महासंघाची त्यात शोभा झाली ती झालीच, त्यावर पुष्कळ लिहून झालंय. मला त्यातलं वेगळंच लक्षात राहिलं. झावीच्या खोट्या अर्जावर जो वाद झाला, तो तारकोविचच्या खऱ्या अर्जावर झालेल्या वादासारखाच होता. तेच मुद्दे, तीच भाषा. ‘मोठं नाव आहे’, ‘तिथलं फुटबॉल बघितलंय’, ‘खेळाडू ऐकतील’. उमेदवार अस्तित्वात आहे की नाही, याचा वादाच्या दर्जावर काहीही परिणाम होत नव्हता.

आणि कॉन्स्टन्टाइनचं नाव आल्यावर तर गंमतच. हे दोनदा आपले प्रशिक्षक होते, 2002 ते 2005 आणि 2015 ते 2019. दुसऱ्या वेळी संघ जागतिक क्रमवारीत 173 वरून 96 वर आला. 2019च्या आशियाई चषकात थायलंडला 4-1 नं धुतलं आणि शेवटच्या सामन्यात बहारीनविरुद्ध अगदी शेवटी पेनल्टी गेली, आपण बाहेर, आणि त्यांनी राजीनामा दिला. त्या काळात मी आणि माझे मित्र काय म्हणत होतो माहितीये? हा माणूस नुसता चेंडू लांब मारायला लावतो, फुटबॉल बघवत नाही, जाऊ दे याला. तेच आम्ही 2025 मध्ये म्हणत होतो, ‘निदान निकाल तरी देत होता.’ दुरून डोंगर साजरे म्हणतात, तसं आपल्या फुटबॉलमध्ये गेलेला कोच साजरा. इगोर श्टिमाचचंही तसंच होईल, बघा. 2019 ते 2024 होते, सॅफ दोनदा जिंकले, 2023 मध्ये इंटरकॉन्टिनेंटल कपही घेतला, आणि शेवटी विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत संघ गेला नाही म्हणून हकालपट्टी. आणखी पाच वर्षांनी त्यांच्या आठवणीनं कोणीतरी उसासा टाकणार आहे, हे मी आत्ताच सांगून ठेवतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. बायोडेटा बघून राष्ट्रीय संघाचा कोच ठरवता येतो का?

याचा प्रयोगच आपल्याकडे झालाय आणि आपण तो नीट पाहिलेला नाही. मार्केझ 2024-25 च्या हंगामात एकाच वेळी दोन संघांचे प्रशिक्षक होते, एफसी गोवाचे आणि भारताचे. माणूस तोच, वर्ष तेच, डोकं तेच. गोव्याचा संघ लीगमध्ये दुसरा आला. 3 मे रोजी सुपर कपच्या अंतिम सामन्यात त्यांनी जमशेदपूरला 3-0 नं हरवलं. आणि भारत? आठ सामने, त्यातला विजय एक, तोही मालदीवविरुद्ध, शिलाँगला. निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला परत बोलावून. त्याच्यानंतर लगेच त्याच शिलाँगला बांगलादेशशी 0-0.

लोक काय म्हणाले? ‘दोन डगरींवर पाय ठेवल्यावर असंच होणार.’ त्यात तथ्य असेल. पण मग गोव्याचा पाय का घसरला नाही? मला वाटतं उत्तर साधं आहे. गोव्यात त्यांच्याकडे रोजची सकाळ होती. एखादा बचावपटू चुकीच्या जागी उभा राहतोय, तर मंगळवारी सांगायचं, बुधवारी सांगायचं, गुरुवारी ओरडायचं. परदेशी स्ट्रायकर हवा तर क्लबला सांगून आणायचा. भारतीय संघात यातलं काहीच नसतं. खेळाडू येतात, आठ-दहा दिवस असतात, त्यातला निम्मा वेळ प्रवास आणि थकवा घालवण्यात. आणि स्ट्रायकर बाजारातून आणता येत नाही. ज्या लीगमधून तो यायचा तिथे पुढची जागा बहुतेक क्लबांनी परदेशी खेळाडूंना दिलेली. छेत्री एक्केचाळीस वर्षांचा झाला तरी त्यालाच हाक मारावी लागली, याचं कारण तेच.

आता गंमत बघा. त्या सुपर कपच्या अंतिम सामन्यात हरलेल्या जमशेदपूरचे प्रशिक्षक कोण होते? खालिद जमील. तीन महिन्यांनी हरलेला माणूस जिंकलेल्याच्या खुर्चीवर बसला. ह्यात वाईट काहीच नाही. पण मग बायोडेटा नेमका काय सांगतो, हा प्रश्न उरतोच.

खालिदच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे ऐजॉल. त्यावर थोडा वेळ घालवू या, कारण ती गोष्ट आपल्याही घरची आहे. खालिद कुवेतला जन्मलेला, पण फुटबॉलपटू म्हणून घडला तो मुंबईत. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया, मग मुंबई एफसी. 2009 पासून सात वर्षं तो मुंबई एफसीचा प्रशिक्षक. इथे बालेवाडीला मुंबई एफसीचे सामने पाहिलेलं कोणी आहे का? एक... दोन. बरं. कूपरेज तयार नव्हतं म्हणून मुंबईचा संघ पुण्यात ‘घरचे’ सामने खेळायचा, आणि त्या प्रचंड स्टेडियममध्ये खेळाडूंचं आपसातलं बोलणं वर ऐकू यायचं, इतकी माणसं कमी. पैसा कमी, नाव नाही. पण दर वर्षी तो संघ खाली घसरायचा वाचायचा. बघायला सुंदर फुटबॉल होतं असं मी म्हणणार नाही. लांब थ्रो, कॉर्नर, दहा माणसं चेंडूमागे. पण वाचायचा.

मग 2016 मध्ये तो ऐजॉलला गेला. मिझोरमचा तो क्लब आदल्या हंगामात आय-लीगमधून खाली ढकलला गेला होता. गोव्याचे क्लब महासंघाशी भांडून बाहेर पडले म्हणून ऐजॉलला परत घेतलं. असा संघ 2017च्या एप्रिलमध्ये मोहन बागानला हरवतो, शेवटच्या दिवशी शिलाँगला 1-1 बरोबरी साधतो आणि भारताचा विजेता होतो. ईशान्येतला पहिला. त्या संघात मिझो पोरं होती, सीरियाचा अल आमना होता, आणि आपले आशुतोष मेहता होते, जयेश राणे होता, गोव्याचा गोलरक्षक अल्बिनो गोम्स होता. मुंबईच्या मैदानांवर जे खेळाडू खालिदनं पाहून ठेवले होते, ते त्यानं डोंगरावर नेले. आणि ज्या मुंबई एफसीला तो सोडून गेला, ती त्याच हंगामात तळाला गेली, खाली उतरली, आणि पुढे बंदच झाली. महाराष्ट्रातल्या फुटबॉलप्रेमींनी हे कधी एकत्र ठेवून पाहिलं का, मला शंका आहे. महिंद्र गेली 2010 ला, पुणे एफसी 2015 ला, मग ही. आपण ‘देशाचा कोच कोण’ यावर इतकं भांडतो याचं एक कारण हेही असावं की भांडायला आपल्याजवळचे क्लबच फार उरले नाहीत. असो.

तर ऐजॉल. विलक्षण काम. पण ते काम कशाचं होतं? योग्य माणसं हेरून आणण्याचं आणि त्यांना महिनोन्‌महिने रोज घडवण्याचं. म्हणजे नेमक्या त्याच दोन गोष्टी, ज्या राष्ट्रीय प्रशिक्षकाला करता येत नाहीत. आपला सगळ्यात भक्कम पुरावा दुसऱ्याच खटल्यातला आहे.

कोणी म्हणेल, मग रहीमसाहेब? हा प्रश्न येतोच. ‘मैदान’ चित्रपट आल्यापासून तर जास्तच. सय्यद अब्दुल रहीम. शाळामास्तर. 1951 आणि 1962 ला आशियाई सुवर्णपदक, 1956 ला मेलबर्नमध्ये चौथा क्रमांक. ‘देशी’ बाजूचं शेवटचं शस्त्र म्हणजे रहीम. एकटा माणूस, बुद्धी आणि निष्ठा, आणि समोर सगळं जग, असं चित्र पडद्यावर शोभतं. पण रहीम 1950 पासून हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाचेही प्रशिक्षक होते, हे त्या चित्रात मागे राहतं. त्या पोलिसांच्या संघानं 1950 ते 1954 सलग पाच वर्षं रोव्हर्स कप जिंकला, इथे मुंबईत, कूपरेजवर. भारताच्या संघातली हैदराबादची मुलं त्यांनी वर्षभर रोज पाहिलेली असायची. 1962 ला जकार्तामध्ये जर्नेलसिंगला, डोक्याला टाके पडलेल्या बचावपटूला, त्यांनी पुढे खेळवलं आणि त्यानं अंतिम सामन्यात गोल केला. हे धाडस खरंच. पण ते अंधारातलं धाडस नव्हतं. कोणता खेळाडू काय सोसू शकतो हे ज्याला आतून माहीत असतं, त्याचं ते होतं. बॉब हाउटनना 2011च्या आशियाई चषकाआधी काही महिने खेळाडू मिळाले होते, तेही त्यातच मोडतं. आज कोणताही क्लब असे खेळाडू देणार नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये मध्य आशियातल्या स्पर्धेसाठी मोहन बागाननं खेळाडू सोडलेच नाहीत, कारण ती फिफाच्या ठरलेल्या तारखांच्या बाहेर होती. क्लबची बाजू चूक नव्हती. पगार ते देतात, दुखापत झाली तर नुकसान त्यांचं.

इथपर्यंत आल्यावर काही लोक टाळ्या वाजवतात आणि म्हणतात, ‘म्हणजे कोच कोणीही असो, सिस्टीम सुधारली पाहिजे.’ हे वाक्य मला सगळ्यात आळशी वाटतं. ते कधीच चुकत नाही, म्हणून त्याचा उपयोगही नाही. कोचमुळे फरक पडतो. खालिदला पहिल्या सामन्याआधी जेमतेम दोन आठवडे मिळाले. 29 ऑगस्टला ताजिकिस्तानमध्ये, त्यांच्या मैदानावर, भारत 2-1 नं जिंकला. गोल कोणी केले? अन्वर अली आणि संदेश झिंगन. दोन्ही बचावपटू, दोन्ही पहिल्या पंधरा मिनिटांत. गुरप्रीतनं एक पेनल्टी अडवली. बालेवाडीची आठवण आली मला. दोन आठवड्यांत जे शिकवून होतं, तेवढंच त्यानं शिकवलं: चेंडू गोलसमोर टाका, उंच माणसं पुढे न्या, मग मागे येऊन भिंत व्हा. पुढे इराणकडून हरलो, अफगाणिस्तानशी बरोबरी झाली, पण ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक आला.

आणि मडगावला हेच शिक्षण अपुरं पडलं. छांगटेनं सुरेख गोल केला, आघाडी घेतली, आणि मग सिंगापूरनं दोन केले. आता जिंकायला चेंडू पायात ठेवून खेळ उभा करायला हवा होता. ते दहा दिवसांत येत नाही. वाद घालायचाच तर इथे घाला ना! आघाडीवर असताना संघ इतका मागे का सरकला? मधल्या फळीत कोण हवा होता? बदल वेळेवर झाले का? सामना पाहिलेल्या प्रत्येकाकडे याची उत्तरं आहेत, आणि ती पासपोर्टपेक्षा जास्त उपयोगी आहेत. स्टँडमध्ये बसणारा माणूस मूर्ख नसतो. त्याला खेळ दिसतो. पण वाद सुरू झाला की तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं बाजूला ठेवतो आणि दुसऱ्याचा बायोडेटा वाचायला लागतो.

आता जे मला खरं खुपतं ते सांगतो. मार्केझ अपयशी ठरले तेव्हा कोणी म्हटलं का, की स्पॅनिश माणसांना कोचिंग जमत नाही? श्टिमाच गेले तेव्हा क्रोएशियाला कोणी नाव ठेवलं का? नाही. त्यांचं अपयश त्यांच्यापुरतं. पण ढाक्याच्या सामन्यानंतर मी काय ऐकलं? ‘बघा, देशी कोचचा प्रयोग फसला.’ प्रयोग! एक माणूस सामना हरला, आणि निकाल लागला तो अख्ख्या जमातीचा.

हे पहिल्यांदा घडत नाहीये. खालिदच्या आधीचे पूर्णवेळ भारतीय प्रशिक्षक होते गोव्याचे सावियो मेदेरा. 2011च्या डिसेंबरमध्ये दिल्लीत त्यांच्या हाताखाली भारतानं सॅफ जिंकलं, अंतिम सामन्यात अफगाणिस्तानला 4-0. मार्च 2012 मध्ये काठमांडूला चॅलेंज कपमध्ये तिन्ही सामने हरले, एकही गोल नाही. मेदेरा गेले. त्यांच्या जागी नेदरलँड्सचे कूव्हरमन्स आले, आणि पुढच्या भारतीयाला ती खुर्ची मिळायला तेरा वर्षं लागली. आयएसएल 2014 ला सुरू झाली. तिथे मुख्य प्रशिक्षक म्हणून पूर्णवेळ नेमलेला पहिला भारतीय 2021 चा, तोही खालिदच, नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये. तेही केव्हा? हंगामी म्हणून बसवलं असताना दहा सामने न हरता त्यानं संघ बाद फेरीत नेऊन दाखवला, त्यानंतर. म्हणजे परदेशी माणसाला नाव पुरतं, आपल्या माणसाला आधी चमत्कार करावा लागतो. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते हेच असावं.

आणि यात ‘आपला माणूस’ म्हणून खालिदला डोक्यावर घेणारेही सुटत नाहीत. ऑगस्टमध्ये जे म्हणत होते की अखेर आपला माणूस आला, आता बघा, त्यांनीच त्याच्या खांद्यावर सगळ्या भारतीय प्रशिक्षकांचं ओझं ठेवलं. तो हरला की ते ओझं सगळ्यांवर कोसळणार होतंच. आज देशात प्रो लायसन्स घेतलेले, कुठल्या तरी क्लबात दुसऱ्या-तिसऱ्या नंबरचे सहायक म्हणून वर्षानुवर्षं कोन मांडणारे कितीतरी जण आहेत. ढाक्याच्या त्या एका गोलनं त्यांच्यापैकी कोणाचा पुढचा अर्ज न वाचता बाजूला पडणार आहे, हे आपल्या वादात कुठेच येत नाही.

माझं मत विचारतील म्हणून सांगून टाकतो. खालिदला ठेवावं. तो थोर आहे म्हणून नव्हे. मडगावला त्याचं चुकलं, आघाडी मिळाल्यावर संघ इतका खोल बसवायला नको होता, आणि ढाक्याला तर आपण अकराव्या मिनिटाला गोल खाऊन पुढचा सव्वा तास नुसते धडपडत होतो. त्याबद्दल त्याला प्रश्न विचारा, कडक विचारा. पण आपला करार दोन वर्षांचा आहे, आणि नव्या माणसालाही तेच आठ दिवस, तेच न सोडलेले खेळाडू, तीच रिकामी नऊ नंबरची जागा मिळणार आहे. खालिदला निदान हे घर आतून माहीत आहे. पाणी किती वाजता येतं, ते त्याला विचारावं लागत नाही.

आणि तो गेलाच, तर पुढच्या 170 अर्जांमधून नावं निवडताना एक प्रश्न प्रत्येकाला विचारावा, एवढंच माझं म्हणणं आहे: तुम्हाला दहा दिवस मिळतील, सगळे खेळाडू मिळणार नाहीत, पहिल्या दिवशी सकाळी तुम्ही काय कराल? झावीच्या नावानं ईमेल पाठवणाऱ्या त्या पोराला याचं उत्तर लिहायला सांगितलं असतं, तर तो तिथेच सापडला असता.

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.